शब्दवेड्याला काय द्यावें?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून माझ्या ओळखीचे एक गृहस्थ हंसले. ते म्हणाले, "मास्तर, शब्दांचा नाद असलेल्या माणसाला भेट काय द्यावी, हा का भाषणाचा विषय झाला? दुकानांत जावें, एक जाडजूड पुस्तक घ्यावें, वर रंगीत कागद चढवावा, कीं झालें काम!" मीं त्यांना उत्तर दिलें नाहीं. कारण सहा वर्षांपूर्वीं मीं स्वतः अगदीं असेंच केलें होतें, आणि त्या भेटीची रुखरुख मला पुढें कितीतरी दिवस लागून राहिली. ती कां लागली आणि कशानें गेली, हें सांगावें एवढाच माझा आजचा हेतु आहे. मी कांहीं विद्वान् नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, शिक्षकाची पदविका घेतली, आणि सदतीस वर्षें मुलांना मराठी शिकविलें. माझी शिदोरी एवढीच.

शब्दांचा नाद असलेलें एखादें तरी माणूस प्रत्येक कुटुंबांत असतें. सकाळीं वर्तमानपत्र दारांत पडल्याबरोबर सगळ्या जगाच्या बातम्या बाजूला सारून शब्दकोड्याचें पान उघडणारे काका आपण पाहिले आहेत. लग्नांत नववधू उखाण्याला अडली कीं मागून हळूच दुसरी ओळ पुरविणारी आत्या आपल्या ओळखीची आहे. 'ती होडी जाडी होती' हें वाक्य उलटें वाचलें तरी तेंच होतें, असा शोध लागल्यामुळें दिवसभर घर डोक्यावर घेणारा मुलगाहि आपण पाहिला आहे. या माणसांना भेट देणें मोठें अवघड. चहाच्या शौकिनाला चांगला चहा द्यावा, बागेच्या शौकिनाला गुलाबाचें कलम द्यावें. पण यांचें प्रेम ज्या वस्तूवर, ती तर बाजारांत विकत मिळत नाहीं, आणि घरांत फुकट सांडलेली असते.

शिवाय शब्दांचा नाद हा एकच एक नाद नव्हे. वर्गांतल्या मुलांकडे पाहून पाहून मीं त्याचे माझ्यापुरते चार प्रकार केले आहेत: कांहीं जण शब्द सोडवितात, कांहीं शब्द वेंचतात, कांहीं शब्दांशीं खेळतात, आणि कांहीं शब्द घडवितात.

सोडविणाऱ्याला अडचण हवी असते. कोडें अडलें म्हणजे त्याला बरें वाटतें, आणि शेजाऱ्यानें उत्तर सांगून टाकलें म्हणजे त्याचा दिवस वाईट जातो. अशा माणसाला कोड्यांचें पुस्तक द्यायचें, तर त्याच्या ताकदीचें द्यावें. फार सोपें दिलें तर तो अपमान समजतो. मराठी कोड्याची तऱ्हा इंग्रजी कोड्याहून निराळी आहे, हेंहि ध्यानांत घ्यावें. इंग्रजींत एका चौकटींत एक वर्ण बसतो. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांसह संबंध अक्षर बसतें. 'विद्यार्थी' हा शब्द तीन घरांत मावतो, आणि त्याचें मधलें 'द्या' हें घर उभ्या शब्दालाहि जसेंच्या तसें चालावें लागतें. म्हणून इंग्रजी कोडीं सहज सोडविणारा माणूस मराठी कोड्यांत एखादे वेळीं अडकतो, आणि ज्याला इंग्रजीचा गंध नाहीं अशी एखादी आजी तें चटकन् सोडवून मोकळी होते. शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा; त्या दिवशीं आर्थर विन या गृहस्थानें अमेरिकेंतल्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रांत पहिलें कोडें छापलें. पुढें १९२४ सालीं सायमन आणि शुस्टर या दोघां तरुणांनीं कोड्यांचें पहिलें पुस्तक काढलें, तेव्हां त्यांनीं प्रत्येक प्रतीला एक पेन्सिल बांधून दिली होती. ही पेन्सिल मला फार आवडते. देणाऱ्यानें घेणाऱ्याच्या हाताचा विचार केला होता, असें तीवरून दिसतें.

वेंचणाऱ्याचें तसें नाहीं. त्याला जिंकायचें नसतें, सांठवायचें असतें. कोणी बोलतां बोलतां 'वळचण' म्हणालें, कीं याचे कान टंवकारतात. वळचण म्हणजे छपराच्या कडेखालची जागा, आणि त्या कडेवरून पावसाची जी धार गळते ती पागोळी. हे दोन शब्द सिमेंटच्या घरांत निरुपयोगी झाले, म्हणूनच त्याला ते जिवापाड जपावेसे वाटतात. अशा माणसाकडे शब्दकोश बहुधा अगोदरच असतो. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांत प्रसिद्ध झाला. हे दोन्ही ग्रंथ आतां शिकागो विद्यापीठाच्या कृपेनें घरबसल्या फोनवरहि पाहतां येतात. तेव्हां वेंचणाऱ्याला मी कोश देत नाहीं. चांगल्या बांधणीची एक कोरी वही देतों, आणि तिच्या पहिल्या पानावर माझ्या गांवचे दहा शब्द अर्थासह स्वतःच्या हातानें लिहून देतों. कोरी वही हातांत घेतली म्हणजे माणूस बिचकतो. दहा शब्द लिहिलेले असले म्हणजे अकरावा त्याला आपोआप सुचतो.

खेळणाऱ्याला सोबत लागते. त्याला सुंदर पेटीतला खेळ आणून दिला, आणि घरांत खेळायला कोणी बसलें नाहीं, तर ती पेटी म्हणजे त्याच्या एकटेपणाची रोज आठवण करून देणारी वस्तु होऊन बसते. आणि घडविणारा, म्हणजे कोट्या करणारा, उखाणे रचणारा, दोन ओळी जुळविणारा, याला ऐकणारा लागतो. आपल्याकडे समस्यापूर्तीची जुनी रीति आहे. एकानें चरण द्यावा आणि दुसऱ्यानें श्लोक पुरा करावा. महिन्यांतून एकदां पत्रांतून अशी एखादी ओळ धाडली, तर घडविणाऱ्याला वर्षभर पुरेल एवढी भेट होते, आणि तिला टपालापुरतेच पैसे पडतात.

इतकें सगळें मला आज कळतें आहे. सहा वर्षांपूर्वीं मात्र यांतलें कांहींच ध्यानीं न घेतां मीं माझ्या थोरल्या बंधूंना भेट दिली.

आम्ही त्यांना अण्णा म्हणतों. ते माझ्याहून तेरा वर्षांनीं मोठे. मला पाटीवर पहिलें अक्षर त्यांनींच गिरवायला लावलें. जन्मभर त्यांनीं न्यायालयांत कारकुनी केली, आणि रोज सकाळीं कामाला जाण्यापूर्वीं शब्दकोडें सोडविलें, तेंहि शाईनें. कारण खोडण्याची वेळ आपल्यावर येतां कामा नये, असा त्यांचा बाणा. त्यांच्या पंचाहत्तरीला कांहींतरी भारदस्त द्यावें असें माझ्या मनानें घेतलें. 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात जाड खंड मीं मिळविले. पेन्शनीची बरीच रक्कम त्यांत गेली. समारंभांत ते खंड दोन पुतण्यांनीं उचलून आणले, मंडळींनीं टाळ्या वाजविल्या, आणि मला धन्य वाटलें. अण्णांनीं एकेका खंडाच्या पाठीवरून हात फिरविला आणि ते एवढेंच म्हणाले, "फार मोठें दिलेंस रे."

आठ-नऊ महिन्यांनीं मी त्यांच्याकडे चार दिवस राहावयास गेलों. फडताळ उघडलें, तों सातहि खंड ज्या सुतळीनें बांधून आणले होते त्याच सुतळींत तसेच उभे. मला राग आला, हें मी कबूल करतों. अण्णांची नात तेव्हां महाविद्यालयांत शिकत होती. तिला मीं जरा घुश्शांतच विचारलें, "काय ग, तुझ्या आजोबांनीं हीं पुस्तकें एकदांहि उघडलीं नाहींत का?" तिनें मला हळूच बाजूला नेलें आणि म्हणाली, "मास्तर आजोबा, त्यांना बारीक अक्षर दिसतच नाहीं. काचबिंदूनें दृष्टि अधू झाली, त्याला दोन वर्षें होऊन गेलीं. कोणाला सांगूं नको म्हणतात."

मीं विचारलें, "मग रोजचें कोडें?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें कोडें कसें सुटतें तें मीं पाहिलें. नात वर्तमानपत्र घेऊन बसली. "आडवा तिसरा, चार अक्षरें, दुसरें अक्षर 'र'," असें ती सांगे, आणि अण्णा डोळे मिटून उत्तर देत. संबंध चौकट त्यांच्या डोक्यांत उभी होती. कोणतें घर भरलें, कोणतें रिकामें, कोणत्या अक्षरावरून कोणता उभा शब्द खालीं उतरतो, हें कागद हातांत असलेल्या मुलीपेक्षां त्यांना अधिक ठाऊक होतें. मी थक्क झालों, आणि त्याहूनहि अधिक ओशाळलों. त्या दोन वर्षांत मी त्यांच्याकडे सणावारीं दहा वेळां तरी गेलों असेन. पण सकाळच्या त्या अर्ध्या तासांत त्यांच्याशेजारीं मी एकदांहि बसलों नव्हतों. माझी भेट वीस वर्षांपूर्वींच्या अण्णांना दिलेली होती. समोर बसलेल्या अण्णांना तिनें काय सांगितलें असेल? "हें पाहा, हें सगळें आतां तुम्हांला वाचतां येणार नाहीं!" आणि तरीहि त्यांनीं माझ्या मनाला लागूं नये म्हणून "फार मोठें दिलेंस" असें म्हटलें होतें.

श्रोतेहो, त्यानंतर शब्दांचे जे खेळ जगांत गाजले त्यांची माहिती मी जरा कुतूहलानें वाचूं लागलों, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. त्यांतले कांहीं खेळ मुळांत भेट म्हणूनच जन्मले आहेत, आणि तेहि कोणा एका माणसासाठीं.

'ॲलिस'च्या गोष्टी लिहिणारा लुई कॅरल हा ऑक्सफर्डचा गणिताचा अध्यापक. १८७७ सालच्या नाताळांत दोन मुलींनीं त्याच्याकडे तक्रार केली कीं, आम्हांला वेळ घालवायला कांहीं नाहीं. कांहीं कोडीं पाठवा. कोडीं कांहीं हाताशीं नव्हतीं. तेव्हां त्यानें त्या दोघींसाठीं एक नवाच खेळ काढला. सारख्या लांबीचे दोन शब्द घ्यावयाचे, आणि एका वेळीं एकच वर्ण बदलून पहिल्यावरून दुसऱ्यावर जावयाचें. मधला प्रत्येक टप्पा मात्र खरा शब्द असला पाहिजे. १८७९ सालीं हा खेळ 'व्हॅनिटी फेअर' या साप्ताहिकांत आला आणि इंग्लंडभर पसरला. दुसरें उदाहरण अगदीं अलीकडचें. जॉश वॉर्डल हा संगणकाचा कारागीर. त्याची सहचारिणी पलक शाह हिला शब्दांच्या खेळांची आवड. तिच्यासाठीं त्यानें पांच वर्णांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याचा 'वर्डल' हा खेळ रचला. अशा सुमारें बारा हजार शब्दांची यादी त्यानें तिच्यापुढें ठेविली, आणि आपल्या ओळखीचे असे सुमारें अडीच हजार शब्द तिनें त्यांतून निवडले. ऑक्टोबर १९२१ नव्हे, श्रोतेहो, ऑक्टोबर २०२१ मध्यें हा खेळ सर्वांना खुला झाला, आणि जानेवारी २०२२ मध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स'नें तो मोठ्या किंमतीला विकत घेतला. लक्षावधि लोकांना जो खेळ रुचला, तो आरंभीं एकाच व्यक्तीच्या मापानें बेतलेला होता. शिंपी जसा अंगरखा बेततो, तसा.

हे मोठ्यांचे दाखले झाले. पण आपणांस हें घरच्या घरीं करतां येणार नाहीं असें मुळींच नाहीं. कॅरलचा खेळ मीं मराठींत करून पाहिला. वर्णाऐवजीं काना-मात्रेसह एक अक्षर बदलावयाचें, एवढाच फरक. 'रात'पासून 'दिन'पर्यंत जा म्हटलें, तर रात, रान, दिन; मध्यें रान ओलांडावें लागतें. 'पाटी'पासून 'वाणी'पर्यंत जा म्हटलें, तर पाटी, पाणी, वाणी. 'घर'पासून 'वन'पर्यंत जातांना मध्यें 'वर' येतो, आणि मुलांना हें सांगितलें कीं तीं त्यावर लगेच एक लांबलचक गोष्ट रचतात. अशा पंचवीस जोड्या जाड कागदाच्या तुकड्यांवर लिहाव्या, पाठीमागें उत्तरें लिहावीं, आणि एका डबींत घालून द्याव्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाला याहून चांगली दिवाळीची भेट मला तरी ठाऊक नाहीं.

दुसरी एक घरगुती वस्तु सांगतों. 'स्क्रॅबल' हा इंग्रजी सोंगट्यांचा खेळ पुष्कळ घरांत असतो. आल्फ्रेड बट्स नांवाच्या वास्तुशिल्पज्ञानें मंदीच्या दिवसांत, हाताला काम नसतां, तो रचावयास आरंभ केला. कोणता वर्ण किती वेळां येतो, हें त्यानें वर्तमानपत्राच्या पानावर मोजून काढलें, आणि त्यावरून शंभर सोंगट्यांची वाटणी ठरविली. 'स्क्रॅबल' हें नांव त्याला १९४८ सालीं मिळालें. आपल्या भाषेसाठीं अशा सोंगट्या करूं गेलें, कीं काना-मात्रा आणि जोडाक्षरें आडवीं येतात. आम्हीं शाळेंत त्याला एक तोड काढली होती. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे चौकोन कापावयाचे, आणि प्रत्येकावर नुसतें व्यंजन लिहावयाचें. काना, मात्रा, वेलांटी ज्याची त्यानें मनानें लावून घ्यावी. क, म, ल या तीन सोंगट्यांचें मग 'कमल' होतें, 'कमाल' होतें, आणि 'कोमल'हि होतें. जोडाक्षर हवें असल्यास एका सोंगटीवर दुसरी ठेवावी. कोणत्या सोंगट्या किती, हें वर्तमानपत्राचें पहिलें पान घेऊन मुलांकडूनच मोजून घ्यावें. र, त, न, क यांच्या सोंगट्या पुष्कळ लागतात, आणि ङ व ञ यांना सुट्टीच द्यावी लागते, हें मुलांना मोजतां मोजतांच समजतें. व्याकरणाच्या तासाला तें सांगून समजत नाहीं.

ज्यांचीं नातवंडें परदेशांत किंवा परप्रांतांत वाढतात, त्यांचा प्रश्न आणखी वेगळा. त्या मुलांना मराठी बोलतां येतें, पण वाचतां येत नाहीं. त्यांना मराठी पुस्तक धाडलें, तर माझ्या सात खंडांसारखीच त्याची गत होते. त्यांच्यासाठीं भेंड्या हाच उत्तम खेळ, कारण त्याला कागद लागत नाहीं. रविवारीं ठरल्या वेळेला फोन करावा आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द मागावा. मराठींत 'ळ' आणि 'ण' यांनीं शब्दाला आरंभ होत नाहीं. तेव्हां तेथें अनुक्रमें 'ल' आणि 'न' चालवून घ्यावे, म्हणजे भांडण होत नाहीं. आणि एक पथ्य सर्वांनींच पाळावें: शुद्धलेखनाचें पुस्तक कोणालाहि भेट म्हणून देऊं नये. देणाऱ्याचा हेतु कितीहि शुद्ध असो, घेणाऱ्याला तो टोमणाच वाटतो. हा माझा अनुभव आहे. मीं तें एकदां एका मित्राला दिलें, आणि त्यानें दोन वर्षें मला पत्र लिहिलें नाहीं.

आतां अण्णांच्या त्या सात खंडांचें पुढें काय झालें, तें सांगून संपवितों.

त्याच मुक्कामांत रात्रीं जेवणें झाल्यावर अण्णांच्या नातीनें सुतळी कापली आणि एक खंड मांडीवर घेतला. ती म्हणाली, "मी यांतला एक अवघड शब्द काढतें. मास्तर आजोबा आणि आजी यांनीं त्याचा एकेक खोटा अर्थ माझ्या कानांत सांगायचा. खरा आणि खोटे मिसळून मी वाचतें, आणि खरा कोणता तें आजोबांनीं ओळखायचें." पहिलाच शब्द निघाला 'चाडें'. मीं हळूच सांगितलें, "कानांतला दागिना." वहिनी मुंबईच्या; त्यांनीं सांगितलें, "भाकऱ्यांची टोपली." पण अर्थ वाचण्याची वेळच आली नाहीं. शब्द कानीं पडतांच अण्णांनीं उजव्या हाताची मूठ वळली आणि ती पुढें धरली. बोटें किंचित् सैल करून ते म्हणाले, "पांभरीवरचें लांकडी पात्र. बाबा बैल हांकीत आणि मी चाड्यावर मूठ धरी. बी एकदम सोडायचें नसतें. असें, सारखें सोडायचें."

तो हात मला आजहि दिसतो. अण्णांनीं लहानपणीं पेरणी केली होती, हें मला ठाऊकच नव्हतें. माझा जन्म होईपर्यंत आमची जमीन गेली होती. त्या रात्रीं मग जूं, शिवळ, रुमणें, फाळ, वेसण असे एकामागून एक शब्द निघाले, आणि नातीनें ते एका वहींत उतरून घेतले. आम्ही झोपलों तेव्हां बारा वाजून गेले होते. सोडविणारे म्हणून मी ज्यांना ओळखीत होतों, ते अण्णा वेंचणारेहि होते. त्यांची रास कोणी पुढें होऊन मागितली नव्हती, एवढेंच. माझ्या भेटीला नऊ महिन्यांनीं जीव आला, आणि तो एका अठरा वर्षांच्या मुलीनें आणला. तिनें पैसा खर्चिला नाहीं. तिनें वाचून दाखविलें, आणि ऐकून घेतलें.

तेव्हांपासून रोज रात्रीं नऊ वाजतां मी अण्णांना फोन करतों आणि एक कोडें घालतों. मागच्या महिन्यांत मीं त्यांना कॅरलच्या तऱ्हेचें एक घातलें: 'काम'पासून 'दान'पर्यंत जा. माझें उत्तर तयार होतें: काम, दाम, दान. माणूस काम करतो, दाम मिळवितो, आणि मग दान करतो; मला तें मोठें सुबक वाटलें होतें. अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काम, कान, दान." मीं म्हटलें, "अण्णा, मधला शब्द 'दाम' आहे." ते म्हणाले, "तुझ्या वाटेनें दाम लागत असेल. माझ्या वाटेनें कान लागतो. दोन्हीहि बरोबर."

श्रोतेहो, यंदांच्या दिवाळींत कोणा शब्दवेड्याला कांहीं द्यावयाचें तुमच्या मनांत असेल, तर दुकानाकडे वळण्यापूर्वीं एक सकाळ त्याच्याजवळ बसा. तो काय वाचतो, कोण वाचून दाखवितें, कोठें अडतो, कशानें हंसतो, तें पाहा. मग पुस्तक घ्या, वही घ्या, नाहीं तर कागदाचे चौकोन कापा. तें चुकणार नाहीं.

अण्णा आतां एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, आणि हें भाषण ते आपल्या खोलींत बसून ऐकत असतील. उद्यां सकाळीं त्यांचा फोन येईल, आणि यांतला माझा कोणता शब्द चुकला तें मला ऐकून घ्यावें लागेल. मी वाट पाहत आहें.